७७६, ८, ३३

ताईचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला तो जुन्या चादरीत गुंडाळून. चादर सोडली आणि दोन दिवस तो तसाच टेबलावर राहू दिला. पाठीमागचे स्क्रू काढायला मला वेळ लागला तो गंजामुळे नाही. झाकण निघेपर्यंत आत सगळं ठीक असेल अशी आशा धरता येते, आणि ती मला लवकर सोडायची नव्हती.

३८६ प्रोसेसरचं मशीन, १९९१ सालचं. आडवं कॅबिनेट, डोक्यावर मॉनिटर घेऊन बसणारं. झाकण सरकवून उचललं, उजेडाला धरलं, तर त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलेली एक चिठ्ठी दिसली. चिकटपट्टी पिवळी पडून ठिसूळ झाली होती, पण पेन्सिलीचं अक्षर स्वच्छ होतं. ताईचंच. एकाखाली एक तीन आकडे: ७७६, ८, ३३.

मग बोर्डाकडे पाहिलं. कीबोर्डची वायर जिथे खोचतात त्या कोपऱ्यात निळसर हिरवा, भुसभुशीत थर जमला होता. त्या थराच्या मध्यभागी, दोन पायांवर उभा असलेला सेल. फुटलेला.

त्या काळातल्या कितीतरी २८६, ३८६, ४८६ बोर्डांवर हा सेल असतो: बोटाच्या पेराएवढा, निकेल-कॅडमियमच्या तीन चकत्या एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवलेल्या, मिळून ३.६ व्होल्ट. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीवर असलं काही नव्हतं. त्यात काय काय जोडलंय ते बोर्डावरच्या बारक्या स्विचांनी सांगावं लागे, आणि तारीख तर मशीन दरवेळी माणसालाच विचारी. १९८४ मध्ये आयबीएमचाच पुढचा पीसी, एटी, आला आणि त्याच्याबरोबर मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली. तिच्यात स्मरणाच्या ६४ बाइट जागा होत्या. १४ घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेल्या ५० मोकळ्या. फ्लॉपी कोणती, मेमरी किती, हार्ड डिस्क कशी, हे सगळं त्या ५० बाइटांत ठेवायचं, आणि वीज बंद असताना सेलनं ते सांभाळायचं. पुढच्या बहुतेक पीसींनी हीच रीत उचलली.

सेल फुटला की लोक म्हणतात, ‘ॲसिड गळलं’. या सेलमध्ये ॲसिड नसतं. असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, नेमकी उलट गोष्ट. हा फरक शब्दांपुरता नाही. ॲसिड समजून त्यावर खाण्याचा सोडा चोळणारे पुष्कळ भेटतात, आणि सोडा स्वतःच अल्कलीच्या बाजूचा, त्यामुळे काहीच साधत नाही. इथे हवं सौम्य आम्ल. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावायचं. बारीक फेस येतो, तो थांबला की शुद्ध पाण्यानं धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि पूर्ण वाळू द्यायचं. त्याआधी अर्थातच सेल कापून बाहेर काढायचा. तो जागेवर ठेवून केलेली कुठलीही साफसफाई वाया जाते.

त्या रात्री ताईला फोन केला.

“ताई, झाकणाला आतून तू आकडे लिहून चिकटवलेत. आठवतं?”

ती हसली. “अरे, ते विसरेन होय? सेल गेल्यावर रोज सकाळी टाकायला लागायचे. डिलीटची की दाबून धरायची, सेटअपमध्ये जायचं, ते तीन आकडे घालायचे, मग कुठे डिस्क दिसायची त्याला. वर्षभर केलंय मी ते.”

“आणि तारीख?”

“तारखेचा कंटाळा करायचे.”

तीन आकडे म्हणजे तिच्या हार्ड डिस्कचा नकाशा होता. ७७६ सिलिंडर (चकत्यांवरची वर्तुळं), ८ हेड (वाचणारी टोकं), दर फेरीत ३३ सेक्टर (माहितीचे कप्पे). सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणून पाहा, १०,४८,९०,३६८ बाइट येतात, म्हणजे साधारण शंभर एमबी. डिस्कवर सगळं शाबूत असायचं, पण डिस्क केवढी आहे हेच मशीन रात्रीतून विसरून जायचं. आणि मग एक माणूस सकाळी येऊन त्याला ते पुन्हा सांगायचं. हे कळल्यावर त्या मशीनकडे बघायची माझी नजरच बदलली.

मी कित्येक वर्षं जुनी मशीनं उघडतोय. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली आहे: या मशीनांत जे मरतं ते बहुतेक करून ओलं असतं किंवा मऊ असतं. सेलमधली अल्कली. कपॅसिटरमधला द्रव. रबर, फोम, वंगण. ज्या चिपांची जाहिरात व्हायची, ज्यांच्या नावानं मशीन ओळखलं जायचं, त्या बहुधा ठणठणीत असतात. अपवाद आहेत, कमोडोर ६४ मधली पीएलए नावाची चिप आपणहून जाते, काही जुन्या मेमरी चिपाही जातात. पण दहा मेलेली मशीनं समोर ठेवली तर त्यातल्या बहुतेकांचा जीव एखाद्या क्षुल्लक भागात अडकलेला असतो, ज्याचं नावही मालकाला ठाऊक नसतं.

कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, तर या गोष्टीचा मूळ पाठ आहे. रेडिओ दुरुस्त करणारी जुनी माणसं त्याला कंडेन्सर म्हणत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उलगडला तर आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवानं भिजवलेला कागद सापडतो, सगळं एकत्र गुंडाळून डबीत घातलेलं आणि तळाशी रबराचं बूच. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तोच खरा विद्युतरोधक. द्रव त्या थराला टेकून बसतो, आणि थराला कुठे बारीक इजा झाली तर ती भरूनही काढतो. म्हणजे हा कपॅसिटर ओला आहे तोवर स्वतःची डागडुजी स्वतः करत असतो. मग बुचाच्या कडेनं द्रव उडत जातो, वर्षानुवर्षं, अगदी सावकाश.

त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं: १०५ अंश. आणि बनवणाऱ्याच्या कागदपत्रांत शेजारी दुसरा आकडा असतो, समजा २००० तास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हादरलो होतो. २००० तास म्हणजे जेमतेम ८३ दिवस! पण ते १०५ अंशांना. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. ४५ अंशांवर चालणाऱ्या कपॅसिटरसाठी सहा वेळा दुप्पट करा: १,२८,००० तास. अखंड चालू ठेवलं तर साडेचौदा वर्षं. ज्यानं हा बोर्ड आखला त्यालाही हे गणित येत होतं. त्यानं काही फसवलं नाही. त्याच्या हिशेबात साडेचौदा वर्षं म्हणजे एका कॉम्प्युटरसाठी अनंतकाळ होता. ते मशीन इतकं जपलं जाईल ही कल्पना त्याच्या कागदावर नव्हती.

न वापरलेलं मशीन जास्त टिकतं असं मात्र समजू नये. नुसतं पडून राहिलं की तो ऑक्साइडचा थर हळूहळू विरतो. म्हणून वर्षानुवर्षं माळ्यावर राहिलेलं मशीन खाली आणून तडक स्विच दाबणं मला बघवत नाही. ‘बघू तरी चालतंय का’ या एका वाक्यानं किती बोर्ड घालवले असतील! आधी उघडा, बघा, हुंगा. हो, हुंगासुद्धा. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला बोर्डावर चपटे बसवायचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आले. १९८९ सालचा मॅकिंटॉश एसई/३०, १९९२ सालचा अमिगा १२००, या मशीनांमध्ये ते आहेत आणि ते गळतात. वरून फुगत नाहीत, खालून पाझरतात. सोल्डरची चकाकी जाऊन ती राखाडी दिसायला लागते, आणि सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास उठतो. अशा मशीनचा आवाज आधी क्षीण होतो आणि मग बंद पडतो. मालक स्पीकर बदलतो, आणि दोष असतो बोर्डावर.

पुढे साधारण १९९९ ते २००७ या काळात आणखी एक लाट आली. सदोष द्रवाचे कपॅसिटर लाखोंनी बसवले गेले, आत वायू तयार होऊन त्यांची डोकी फुगली, वरच्या खाचा उलल्या. ती मशीनंही आता जुनी म्हणून गोळा केली जाऊ लागली आहेत.

माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक गळक्या कपॅसिटरच्याच एका बोर्डावर झाली. बोर्ड मित्राचा होता. गळलेल्या द्रवानं सोल्डर इतकी कुजली होती की उष्णता धरत नव्हती. मी आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवलं आणि कपॅसिटर थोडा ओढला. तो आला, पण त्याच्याखालची तांब्याची टिकलीही उखडून आली, तिच्यामागे केसाएवढा ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणारी तांब्याची रेघ, दीड सेंटिमीटर सोलून निघाला. त्या बोर्डानं तीस वर्षं काढली होती आणि मी ती इजा एका क्षणात केली. ट्रॅक मी नंतर वायर टाकून जोडला. मित्र काही बोलला नाही. पण तेव्हापासून एक शिस्त पाळतो: कुजलेल्या सोल्डरवर आधी नवी सोल्डर आणि भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ) घालायचा, जुनी-नवी एकजीव होऊन वितळू द्यायची, आणि कपॅसिटर आपणहून सैल होईपर्यंत त्याला ओढायचं नाही. हातात जोर आला की थांबायचं.

दुसरी शिस्त दिशेची. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. टॅन्टलम धातूच्या कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा धन टोक दाखवतो. दोन्ही कपॅसिटर, दोन्हींवर पट्टा, आणि अर्थ उलटा. एकाच्या जागी दुसरा बसवताना हात भरात असला की घात होतो. मग वाटतं, बोर्डावर छापलेल्या अधिकच्या (+) खुणेवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा. तेही नाही! १९९३ च्या मॅकिंटॉश एलसी थ्रीच्या बोर्डावर उणे ५ व्होल्टच्या रेषेवरच्या एका कपॅसिटरची खूण चक्क उलटी छापली गेली आहे. कारखान्यात तो छापल्याप्रमाणे म्हणजे उलटाच बसला, आणि मूळ इलेक्ट्रोलायटिकनं ते निमूटपणे सोसलं. पुढे लोकांनी प्रामाणिकपणे छाप बघून त्या जागी टॅन्टलम बसवले. टॅन्टलमला उलटा दाब सोसत नाही. म्हणून मी आता छाप बघतो, जुना कपॅसिटर काढण्यापूर्वी फोटो घेतो, आणि तरीही मल्टीमीटरनं तपासतो की जमिनीला जोडलेलं टोक कोणतं.

ताईच्या मशीनमध्ये बोर्डावरचे कपॅसिटर मी सगळे बदलले नाहीत. यावर माझे काही जाणकार मित्र माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं, उघडलंच आहे तर सरसकट नवे बसवून मोकळं व्हावं. गळणाऱ्या जातीचे असतील तर मीही तेच करतो, एकही ठेवत नाही. पण इथे चांगल्या बनावटीचे, पायांचे कपॅसिटर होते. ईएसआर, म्हणजे आतला रोध, मोजणारं मीटर लावून एकेक मोजला. (नुसती क्षमता मोजून भागत नाही, क्षमता बरोबर दाखवणारा कपॅसिटरही आतला रोध वाढल्यामुळे निकामी असू शकतो.) दोन वगळता सगळे उत्तम. जो भाग आपलं काम नीट करतोय त्याला केवळ वय झालं म्हणून उपटायचं, हे मला पटत नाही. प्रत्येक उपटण्यात बोर्डाला थोडी इजा होतेच.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र पूर्ण उघडला. तिथे घाई करणाऱ्यानं जाऊच नये. २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या एसएमपीएसमध्ये मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टचा साठा असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहतो. रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा, मीटरनं खात्री करायची, मगच बोट. आत शिरणाऱ्या विजेपाशी पिवळसर पारदर्शक कवचाचा, कागदाचा एक कपॅसिटर होता. कवचाला तडे गेलेले. या तड्यांतून हवेतली ओल आतल्या कागदात शिरते आणि एक दिवस तो पांढऱ्या धुराचा लोट सोडून संपतो. आत असे तडे दिसले की दुसरा विचार करायचा नाही. तो काढला, त्याच जातीचा, विजेच्या बाजूला वापरायला मंजूर असलेला, प्लॅस्टिक फिल्मचा बसवला. दुसऱ्या बाजूचे चार इलेक्ट्रोलायटिक बदलले. पंख्याच्या मध्यावरचं स्टिकर उचलून तेलाचा एक थेंब सोडला.

या एसएमपीएसला भाराविना चालवलं तर तो सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन भलतेच व्होल्ट देतो. म्हणून ताईच्या बोर्डाला जोडण्याआधी एक जुना निरुपयोगी ड्राइव्ह आणि रेझिस्टर लावून तासभर चालवला. ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, स्थिर. मग बोर्डाचे दोन शेजारी शेजारी लागणारे प्लग. ते दिसायला जुळे आहेत आणि उलटसुलटही बसतात. चुकीचे बसले तर बोर्ड गेला. नियम एवढाच की काळ्या वायरी मध्ये, काळीला काळी लागून. इतक्या वर्षांनंतरही मी हे मोठ्यानं म्हणून मगच स्विच दाबतो.

बोर्ड बोलला. एक बीप, पडद्यावर मेमरीची मोजणी, ४०९६ केबी. आणि मग कीबोर्ड नसल्याची तक्रार.

ते अपेक्षितच होतं. सेल कीबोर्डच्या सॉकेटशेजारी बसवायची पद्धत असल्यामुळे गळती झाली की पहिला बळी कीबोर्डचा. अल्कली ट्रॅकवरच्या हिरव्या रंगाखालून सरपटत जाते. वरून ट्रॅक अखंड दिसतो, रंग खरवडला की खाली तांब्याऐवजी काळी भुकटी. फायबरग्लासच्या पेननं मी एकेक ट्रॅक उघडा करत गेलो. जिथे लाल तांबं दिसलं तिथे थांबलो. पाच ट्रॅक तुटले होते. सॉकेटही बदललं. पाच बारीक वायरी टाकल्या, मूळ ट्रॅक ज्या वळणानं गेला होता त्याच वळणानं. विजेला त्याचं काही नसतं, सरळ टाकल्या असत्या तरी चाललं असतं. पण पुढे कोणी हे झाकण उघडेल तेव्हा त्याला कुठली वायर कशाच्या जागी आली हे विचारायला मी नसेन.

सेलच्या जागी काय लावायचं याचाही विचार करावा लागतो. निकेल-कॅडमियम सेल चार्ज होणारा असतो आणि बोर्ड त्याला सतत चार्ज करत असतो. त्या जागी साधा लिथियमचा बटन सेल लावला तर बोर्ड त्यालाही चार्ज करू पाहील, आणि लिथियमचा तो सेल चार्ज करायचा नसतो, फुटू शकतो. म्हणून मध्ये एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, घालायचा. साधा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्ट खातो आणि ३ व्होल्टच्या सेलमधून मग फार थोडे उरतात. शॉट्की जातीचा घेतला तर नुकसान त्याच्या निम्म्यावर येतं. सेल मी बोर्डावर सोल्डर केला नाही. दोन लांब वायरी काढून कॅबिनेटच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवला, बोर्डापासून दूर. पुढचा सेल गळला तर तो पत्र्यावर गळेल.

ताईचा पुन्हा फोन आला. त्या आठवड्यातला तिसरा. ‘चालू नाही झालं तरी चालेल’ असं म्हणून पाठवलं होतं तिनं.

“काय काय बदललंस?”

मी यादी सांगितली.

“म्हणजे जवळजवळ सगळंच की. मग त्यात माझं काय राहिलं?”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर मी काढलेल्या भागांची डबी समोर घेतली. फुटलेला सेल त्यात नव्हता, त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते, कॅडमियम विषारी आहे. बाकी सगळं होतं, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून: कुठून काढला, कोणत्या दिवशी, त्या जागी काय आलं. सात कपॅसिटर आणि एक सॉकेट. मूठभरही नाही. यातल्या कशालाही ताईनं कधी हात लावला नव्हता. ते तिथे आहेत हेही तिला माहीत नव्हतं. आणि तरी ही मूठ जागेवर धड नसती तर तिनं हात लावलेलं काहीच जागं होणार नव्हतं.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र मन सहज कौल देईना. डिस्क हा या मशीनमधला खरा थकणारा भाग. आतल्या चकतीवर हेड चिकटून बसतात, रबराचे बारके ठोकळे वितळून डांबरासारखे होतात. शहाणपण सांगतं की डिस्क काढावी आणि तिच्या जागी ॲडॅप्टर घालून मेमरी कार्ड लावावं. मी स्वतः कितीतरी मशीनांत तसं केलं आहे. कार्ड झटपट चालतं, तापत नाही, टिकतं. पण कार्डावर चालणारं जुनं मशीन मुकं वाटतं. सुरू करताना डिस्क वेग घेत जाते तो चढता सूर, मग हेड जागेवर येतानाची खडखड, फाइल उघडतानाचं ते पुटपुटणं, यातून मशीन काय करतंय ते कळायचं. ताई शेजारच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून सांगायची, “झालं बघ कम्पाइल.”

डिस्क आधी वेगळी, दुसऱ्या मशीनला लावली. फिरेना. हातात घेऊन, चकतीच्या पातळीत, मनगटाला हलका झटका दिला, दोनदा. तिसऱ्या वेळी ती फिरली. अशा वेळी एकच काम करायचं असतं, आणि ते त्याच मिनिटाला: सगळीच्या सगळी डिस्क, सेक्टरमागून सेक्टर, उतरवून घ्यायची. दोन लाख चार हजार आठशे चौसष्ट सेक्टर. अकरा वाचता आले नाहीत. ते कुठल्याही फाइलचे नव्हते.

मग यादी उघडली. ताईचे पास्कल भाषेतले प्रोग्रॅम. फाइलींच्या तारखा १९९१ पासून ओळीनं येत होत्या, ९२, ९३, ९४, ९५, परीक्षांच्या सुमारास दाट, सुट्टीत विरळ. १९९६ च्या मध्यावर ओळ तुटली. त्यानंतरच्या सगळ्या फाइलींवर, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस, एकच तारीख: १ जानेवारी १९८०. डॉस या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. घड्याळ हरवलं की मशीन तिथेच जाऊन उभं राहतं. तो मंगळवार होता. ताईनं तिचं शेवटचं वर्षभराचं काम, तिचा सगळ्यात मोठा प्रोग्रॅमसुद्धा, त्या एका मंगळवारी केलं आहे.

मी त्या तारखा दुरुस्त केल्या नाहीत. खऱ्या तारखा ठाऊक असत्या तरी केल्या नसत्या.

डिस्क परत तिच्या जागी बसवली. उतरवून घेतलेली प्रत एका कार्डावर घालून ते कार्ड, ॲडॅप्टरसकट, पाकिटात घालून कॅबिनेटमध्येच ठेवलं. डिस्क जाईल तेव्हा जाईल. बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपचीही प्रत घेतली. तिच्या डोक्यावरच्या स्टिकरखाली काचेची खिडकी असते आणि आतला मजकूर म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी कोंडून ठेवलेला विद्युतभार. अतिनील प्रकाशाखाली वीस मिनिटांत पुसला जाणारा मजकूर त्या कागदी स्टिकरच्या आडोशाला अजून शाबूत होता.

सेटअपमध्ये गेलो. टाइप ४७, म्हणजे स्वतः आकडे भरायचा रकाना. चिठ्ठी झाकणावरून काढली नव्हती; झाकण शेजारी उभं करून त्यावरून वाचत आकडे भरले. तारीख टाकली, वेळ टाकली. मशीन बंद केलं, वायर काढली, आणि झोपलो. सकाळी घड्याळ सव्वीस सेकंद मागे होतं. तारीख बरोबर.

रविवारी ताई आली. खुर्ची ओढून बसली, मागे हात घालून न बघता स्विच दाबला. तो खटका, पंखा, मग डिस्कचा सूर चढत चढत वर गेला. मेमरी मोजून झाली. बीप. ताई काही बोलली नाही, पुढे वाकली. खडखड झाली, दिवा लुकलुकला, आणि काही न विचारता पडद्यावर सी प्रॉम्प्ट येऊन उभा राहिला.

तिचं बोट अजून डिलीटच्या कीवर होतं.